कणसूर

घोडपदेवला, पंक्चरवाल्याच्या मागच्या गाळ्यात
सुबराव ऐवळे पेटीवर काळी दोन दाबून धरतात
आणि म्हणतात, वाजव.

मी वाजवते.
ते काही बोलत नाहीत, उठून पंखा बंद करतात.

"अण्णांचंच ना हे? आधी तापू दे.
थंड लाकूड खालीच बोलणार."
दहा मिनिटं मी नुसती फुंकत बसते,
मे महिन्यात, हनुवटीचा घाम बॅरलवर.
मग सगळंच चढतं. ते बॅरल किंचित ओढतात,
नखाच्या जाडीएवढी फट.
"बास. याहून ओढलंस तर गळ्यातले सूर पडतात
नि खालचे जागचे हलत नाहीत.
एका घरात दोन चुली."

पत्ती बदलली. ओठ सैल सोडला.
हळू फुंकलं की हे चढतं, जोरात फुंकलं की उतरतं.
"उलट्या काळजाचं वाद्य," सुबराव म्हणाले.
मला अण्णा आठवले,
संतापले की आवाज तळाशी जायचा त्यांचा,
आम्ही पोरं जवळ सरकून ऐकायचो.

तरी एक सूर जुळेना.
बेसूर नाही, कणसूर.
पेटीच्या शेजारी बसायचा, पण मांडीला मांडी लावून नाही.

सुबरावांनी की उचलून टॉर्च मारला,
भोकाच्या आतल्या कडेला सुई फिरवली.
कागदावर डाळिंबी चुरा पडला.

"नेलपॉलिश.
सूर चढा असला की आत हात देतात एखादा,
भोक बारीक होतं, सूर उतरतो.
इथे तीन हात आहेत.
दात पडल्यावर चावून वाजवायचे ते.
त्यांच्या तोंडाला बरोबर होतं.
तुझ्या तोंडाला पडतं."

आईनं जन्मात नखं रंगवली नाहीत.
मला तर बारावीपर्यंत बंदीच होती.

सुबराव चुऱ्याकडे बघत राहिले, मी पेटीकडे.
भात्यातली हवा संपत आली,
काळी दोन बारीक होत होत बसली.
बाहेर कुणीतरी ट्यूब बादलीत बुडवून
बुडबुडे शोधत होतं.

"सगळं काढू?"

"दोन हात काढा," मी म्हटलं.
"एक राहू दे."

"कणभर खालीच राहील मग."

"तेवढं मी ओठानं उचलीन."

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला,
काहीतरी विचारणार होते बहुतेक.
मग भाता ओढला.