धुराचा गजर

गजर वाजला तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते,
म्हणून आधी स्वतःलाच दोषी धरलं.
पण वास मोहरीचा नव्हता.
जुनिपरचा होता, ओलसर, गोडसर.
कुणाच्या तरी बॅगेत
मोज्यात गुंडाळून एल्महर्स्टपर्यंत आलेला
मूठभर डोंगर.

खाली फुर्बा दिकीच्या सासूचा एकोणपन्नासावा दिवस.
सोफा भिंतीला सरकवलेला, टीव्हीवर चादर,
टीव्हीच्या पुढ्यात पोथी वाचत
ङवांग तेंदुक.
सोमवार ते शुक्रवार रात्रीची टॅक्सी,
शनिवारी लामा.

त्यानंच सांगितलं होतं एकदा, तळघरातल्या लॉन्ड्रीत,
मशीनसाठी नाणी मोजता मोजता:
सातव्या वर्षी मठात घातलं,
सव्विसाव्या वर्षी उतरलो. हिच्यासाठी.
आमच्या गावी उतरलेल्यानं दंड भरायचा,
सगळ्या मठाला जेवण घालायचं,
आणि रांगेतली जागा गेली ती गेली.
दाराशी बसायचं. चहा शेवटी येतो, कोमट.

आणि इथं?

इथं फोन येतो, म्हणाला,
लामा, घंटा आणाल ना?
पार्किंग आम्ही धरून ठेवतो.

उतरलो म्हणाला तो.
डोंगरावरून उतरतात तसं,
की भाडं उतरतं तसं,
मी विचारलं नाही. ड्रायर थांबला होता.

आगीच्या बंबावरचे तिघे बूट न काढता आत शिरले.
लोण्याची फुलं पाहिली, पिठाचे सुळके पाहिले,
एकानं विचारलं, इथं प्रमुख कोण?
खोलीत वीसेक माणसं.
फुर्बा दिकीचा चुलता, मठाला दरसाल लोणी देणाऱ्या घरातला,
ज्यानं तेंदुकच्या लग्नाचा चहासुद्धा घेतला नव्हता,
त्यानंच आधी हात केला
तेंदुककडे.

पोथीत बोट तसंच ठेवून तो उठला.
तांबड्या शालीखाली गॅरेजचं नाव लिहिलेलं जॅकेट.
मी, म्हणाला. सॉरी, ऑफिसर. खिडकी उघडतो.

मग थंडी आत आली, रूझवेल्ट अव्हेन्यूचे हॉर्न आले,
आणि बोट होतं तिथून
पुढचा शब्द.

संध्याकाळी माझ्या दाराशी कागदी ताटली:
भात, सफरचंदाची फोड, चॉकलेटची दोन बिस्किटं.
तेंदुक, जॅकेटमध्ये, घाईत.
तुमची डाळ जळली असेल, म्हणाला.
जळलीच होती.