गप, फारोफा

दोना जांदीरा आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते,
आरासातूबाचं डांबर चपलेचा तळ धरून ठेवत होतं.
हातात पट्टा. पट्ट्याला अजून दोन-चार केस,
भाजलेल्या कसाव्याच्या पिठाच्या रंगाचे,
म्हणून तर त्याचं नाव फारोफा.

ती बसली नाही. म्हणाली,
"सही मीच केली, ते मला माहीत आहे.
एवढंच सांग, मुला,
तो लढला की नाही?"

मी प्रयोगशाळेतला हरकाम्या.
नळ्यांवर आकडे घालतो,
उणे ऐंशीचं दार उघडतो, लावतो.
फारोफाची प्लीहा माझ्याच हातून गेली,
हवी त्याच्या दुप्पट, जड.
नखं वाढून आत वळलेली, डोळ्यांभोवती कातडी सोललेली.
राखणदार कमी नव्हते, उलट दाटी होती.

कसं सांगू हिला?
गवताच्या रंगाची माशी, तांदळाच्या कणीएवढी,
खुराड्यामागच्या कुजक्या पाल्यात वाढते,
दिवेलागणीला उडते, कानाला कळत नाही.
चावली. जाताना काही सोडून गेली.
पेशी धावल्या, त्यांनी ते गिळलं,
आणि गिळलेलं पोटातच बिऱ्हाड करून राहिलं.

खरं तर निरोप लिहून झाला होता.
गाभ्यातून निघाला होता, वाटेवर होता :
पेटा, आतला पाहुणा जाळा.
मध्येच एक चिठ्ठी आडवी आली.
बावीस अक्षरं.
एवढ्यात माणसाचा धड पत्तासुद्धा मावत नाही.
ती निरोपाला चिकटली, अक्षराला अक्षर लावून,
आणि निरोप वाचलाच गेला नाही.
चिठ्ठीचा अर्थ काढाल तर एकच शब्द :
गप.

ही चिठ्ठी जंतूची नव्हे, बरं का.
फारोफाच्याच हस्ताक्षरातली.
धडधाकट कुत्र्यातही असते, थोडी,
चुलीतली आग पडद्याला लागू नये म्हणून
कुणी हात आडवा धरावा, तशी.
आमच्या आजारी कुत्र्यांत मोजली, तर जास्त भरली.
का, तो रकाना अजून कोरा आहे.

मी यातलं अर्धंमुर्धं बोललो. बाकीचं हातवाऱ्यांत.
ती पट्टा बोटाभोवती गुंडाळत, सोडत होती.
मग म्हणाली,
"नगरपालिकेची माणसं यायची ना, रक्त घ्यायला,
मी त्याला धुण्याच्या टाकीमागे न्यायचे.
दिवा मालवायचे, तोंडावर हात ठेवायचे.
गप, फारोफा, गप.
पान हललं तरी भुंकणारा तो. पण शिकला.
तीनदा आले, तीनदा घर रिकामं समजून गेले.
चौथ्यांदा माझा हात कपड्यांत अडकला होता,
तरी तो भुंकला नाही."

मागे सेंट्रीफ्यूज फिरत होतं.
या दोन गोष्टींचा संबंध नाही, असं मी म्हणायला हवं होतं.
शास्त्राने पाहिलं तर नाहीच.
मी तिला पाणी दिलं.

"ती चिठ्ठी फाडता येते?"
बशीत येते, मी म्हणालो.
काचेच्या बशीत, रक्तातून काढलेल्या पेशींत
उलट्या अक्षरांची दुसरी चिठ्ठी सोडली,
पहिली तिलाच बिलगून बसली,
निरोप थोडा पुढे सरकला. थोडाच.
"आणि अख्ख्या कुत्र्यात?"
मी ग्लास उचलला. तिनं ओळखलं.

ती गेल्यावर नळी चौतीस परत थंडीत ठेवली.
नोंदवहीत नावाला जागा नसते,
मी आकड्याशेजारी पेन्सिलीनं बारीक लिहिलं.

बाहेर, लोखंडी फाटकामागून
कुणाचं तरी कुत्रं तिच्यावर भुंकायला लागलं,
घसा फुटेस्तोवर, थुंकी उडवत.
खिडकीतून मला दिसत होतं :
भर उन्हात ती थांबली होती,
पुढे जात नव्हती,
त्याला काही म्हणतही नव्हती.