लांब पल्ल्याची

लक्ष्मीपुरीत मुजावरच्या काउंटरवर
सात बॅटऱ्या मांडलेल्या, भर दुपारी.
"ही न्या की. खोलीभर उजेड पडतोय."
मला खोली नको होती.
मला केर्ली फीडरच्या तेराव्या खांबावरचा
तडकलेला चिनी मातीचा कप
खालनं दिसायला हवा, शिडी न लावता;
आणि दोन्ही हात अडकले
तर दातांत धरता आली पाहिजे.

मुजावरनं मागच्या बोळात नेलं.
पांढरी सुई निघाली एक,
पार टोकाच्या मीटरवरचे आकडे
मी इथनं वाचले.
करंगळीएवढी. घासाघीस करून हजार ऐंशी.

रात्री रंकाळ्यावर थांबलो, उगाच.
पाण्यावरून सोडली:
संध्यामठाचा एक खांब जागा झाला,
वरचा बगळा मान काढून
थेट माझ्याकडे.
पटकन विझवली. चोरी केल्यागत वाटलं.

घरी लाइट गेलेली. वायरमनच्याच घरी.
वैजू म्हणाली, "विरजणात मुंगी पडलीय का बघा."
बटण दाबलं.
पातेल्यात रुपयाएवढा भगभगीत गोल,
दही नुसतं दिपून गेलं.

तिनं फोनची बॅटरी लावली.
दोन होत्या.