इतर

अलकापुरीत, तिसऱ्या मजल्यावर, रात्रपाळीला
बडोदं म्हणजे एक्केचाळीस ठिपके.
हिरवा चाललाय. पिवळा थांबलाय.
लाल झाला की बंगळुरूहून विचारतात, का?

उत्तर लिहायचं नसतं, निवडायचं असतं.
खाली उघडणाऱ्या यादीत कारणं सात:
पत्ता चुकीचा, ग्राहक घरी नाही,
वाहन बंद, असं करत करत
शेवटी, इतर.
इतर फार वापरायचं नाही, पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं.
इतर म्हणजे तुमचं लक्ष नव्हतं.

आई दांडिया बाजारात सगळ्यांना सांगते,
कॉम्प्युटरमध्ये आहे.
मीही तेच सांगते आता.

काल नऊ पस्तीसला महीपत राठवाचा ठिपका
विश्वामित्रीच्या पुलाअलीकडे थांबला.
बारा मिनिटांचा वायदा, त्यातली आठ गेलेली.
पिशवीत दही, ब्रेड आणि एक कंपासपेटी.
फोन लावला.
"मॅडम, मगर छे."
मागे माणसांचा गलका, कुणीतरी हसत होतं,
कुणी हॉर्न वाजवायचा नाही म्हणून ओरडत होतं.

ठिपका लाल झाला.
राघवेंद्र हिंदीत फोनवर: क्या हुआ?
मी म्हटलं, सर, मगर...
तो म्हणाला, अगर-मगर नहीं, रीझन बताओ.

महीपतला तेवढ्यात माझ्याहून जास्त दिसत होतं.
सांगत राहिला, मी ऐकत राहिले:
सात फुटांची असेल, दुभाजकाला टेकून पडलीय,
पकडणारी पोरं आली, एकानं
डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं
आणि ती एकदम गप्प झाली, मॅडम,
झोपल्यासारखी.

चाळीस ठिपके समोर सरकत होते.
मी स्क्रीनवर हात ठेवला. दोन्ही हात.
किती वेळ, ते कुठे नोंदलेलं नाही.

मग यादी उघडली, शेवटचं कारण निवडलं.
शेऱ्याला साठ अक्षरं मिळतात, मी लिहिलं:
नदीतली मगर रस्त्यावर. रायडर सुखरूप.
राघवेंद्रनं वाचलं असेल, नसेल.
महिन्याच्या तक्त्यात ते एक टक्का इतर होऊन जाईल.

ऑर्डर एकतीस मिनिटं उशिरा पोचली, कारेलीबागेत.
सकाळी ग्राहकाचा अभिप्राय आला,
तारे दिलेले नाहीत,
फक्त गुजरातीत, पोराच्या हातचं असावं:
केवढी होती?