पोय

उपकेंद्रातला काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो.
सगळ्या वाडीला ठाऊक आहे. आकडा ऐकला की
बायका आधी तेवढं वजा करतात, मग हसतात.

आज ओरसहून आलेल्या डॉक्टरीणबाईंसमोर
माझे बाबा काट्यावर चढले. ब्याऐंशी सहाशे.
मग काका. ब्याऐंशी नऊशे.
काकांनी खिशातून गोदामाच्या चाव्या काढून
टेबलावर ठेवल्या,
आणि आकडा उतरत उतरत
भावाच्या आकड्यावर जाऊन बसला.

लवू आणि अंकुश.
सर्जेकोटला, एका रात्रीत, पाऊण तासाच्या अंतराने.
धाकट्याला चाळीसाव्या दिवशी मावशीने नेलं
फोंडाघाटला, एसटीच्या मागच्या सीटवर, सुपात घालून.
तिला मूल नव्हतं, आजीला दोघांपुरतं दूध नव्हतं.
हिशेब सोपा होता.

बाबा होडीवर. पेज, बांगडा, खारं वारं.
काका सोसायटीच्या पोत्यांवर बसून.
कुळथाची पिठी, दिवसाला सहा चहा.
तरी दोघांचंही पोट
शर्टाच्या तिसऱ्या बटणाखाली सुरू होतं,
आणि दोघंही विचारतात : मी खातंय किती?

बाबांचा पहिला पेला पंधराव्या वर्षी.
थंडी जाईल म्हणून तांडेलाने दिला.
पुढे मासळीचा व्यापारी गुत्त्यातच बसायचा,
वाटा तिथेच मिळायचा, मोजून.
बंदर ते घर तीनशे चाळीस पावलं.
मी लहानपणी मोजली आहेत,
कधी एकटीने, कधी त्यांना धरून.
धरून असले की जास्त भरायची.

काका थेंबाला शिवत नाहीत.
आई हे आयुष्यभर बोलून दाखवत आली :
तोही त्याच पोटचा ना?

मागच्या गणपतीत, आरास उतरवताना,
मी काकांना विचारलं, कधीच नाही?
ते कागदी फुलाची तार सरळ करत राहिले.
‘एकदा. मित्राच्या लग्नात.
माका आवडली गो. लय आवडली.
म्हणान परत नाय घेतलंय.’
मग थोड्या वेळाने :
‘आणि घेतलंय असतंय तरी खंय?
माझ्या वाटेर पिठाची गिरण होती.’

डॉक्टरीणबाई कापसाची काडी गालाच्या आतून फिरवतात,
नळीत घालतात, नावं लिहितात.
वजनात रक्ताचा वाटा मोठा, त्या सांगतात,
दारूत साधारण निम्मा.
मी मान हलवते. मी नर्स आहे, मला निम्मा कळतो.
पण आईने दार उघडलं नाही
त्या रात्री कुठल्या निम्म्यात धरायच्या,
हे त्यांच्या तक्त्यात नाही.

बाबा म्हणतात, माड एकच.
एक पोय बांधतात, रोज तासतात, तिची माडी होते.
दुसरीकडे कुणी बघत नाही, तिचे नारळ होतात.
पोयीक काय विचारतत?
छान बोलतात बाबा. पण हे ते
संध्याकाळी सातनंतरच बोलतात,
म्हणून मी ते कुठे लिहून ठेवलेलं नाही.
आणि मीही त्याच माडाची.
गोव्याला, मैत्रिणीच्या घरी, काजूच्या दिवसांत
हुराकाचा एक घोट घेतला होता मी.
तो कसा लागला हे
मी नवऱ्याला सांगितलेलं नाही.

सगळे गेल्यावर काट्यावर उभी राहते.
दोनशे वजा करायचे विसरते.

घरी मुलगा शाळेतून आलेला.
तेरा वर्षांचा. घामाने भिजलेला.
कोकम सरबताचा पेला उभ्याने, एका दमात,
डोकं डावीकडे जरा कललेलं,
मग मनगटाच्या मागच्या बाजूने ओठ पुसतो.
हे त्याला कुणी शिकवलं नाही.
काकाही ताक असंच पितात.

‘आई, अजून आहे?’

मी तांब्या हलवून बघते.