ओळ ४११२

नॉम पेनमध्ये, मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या माडीवर
आम्ही पाच जण एक अख्खी यंत्रणा आमच्या भाषेत आणत होतो.
पंखा एक. संगणक चार, त्यातला एक
वीज गेली की अर्धा तास रुसून बसायचा.

सरकारी कागदावर कामाचं नाव लांबलचक होतं,
'राष्ट्रीय', 'मुक्त', आणि आणखी दोन जड शब्द.
खालचा सोथी विचारायचा, काय करता रे वर दिवसभर?
बोरै म्हणायचा, यंत्राला ख्मेर शिकवतो.
छडी लागते का?
लागते, पण आम्हालाच.

कुठेतरी म्हणे अक्षराचा पाय मोडतात.
आमच्याकडे उलट, अक्षराला पाय फुटतो,
दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी जाऊन बसतं.
आणि यंत्र इतकी वर्षं तिथे
नुसते रिकामे चौकोन काढायचं.

शब्दांमध्ये आम्ही जागाही सोडत नाही.
कुठे थांबायचं ते वाचणाऱ्याला कळतं, यंत्राला नाही;
म्हणून स्पेसबारवर अशी एक जागा बसवली
जी टाइप होते आणि दिसत नाही.
कारकून तक्रार घेऊन आले:
बटण बिघडलंय, दाबलं तरी काही होत नाही.
होतं, आम्ही सांगायचो. दिसत नाही, एवढंच.

खिडकीला खिडकी म्हटलं.
माउसवर तीन दिवस भांडलो.
खेमरा म्हणाली, उंदीर लिहा आणि बघा,
माझी आई हात लावेल का त्याला.

मग ओळ ४११२ आली.
इंग्रजीत ती साधीच होती, यंत्राच्या पोटातली घरगुती बोली.
बोरैने भराभर उतरवली:
'आठवण संपली. एक मूल ठार करू का?'
खाली दोन बटणं. हो. नाही.
चोख झालं, असं त्याला वाटलं.

मिंग थावीने चष्मा काढून टेबलावर ठेवला.
ती पूर्वी शाळेत शिकवायची.
नंतर जवळजवळ चार वर्षं
आपल्याला वाचता येतं हे तिने कुणालाच कळू दिलं नव्हतं.

हे खोड, ती म्हणाली.
मिंग, मूळ शब्द तोच आहे. यंत्रात मुलं असतात,
आईबाप असतात, अनाथसुद्धा. जगभर असंच लिहितात.
लिहू देत, ती म्हणाली. त्यांना जमतं.

खाली सोथी एका इंजिनाला लाथा घालत होता.
ते धरेना.

बऱ्याच वेळाने तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला.
'आठवण संपली' हे आधी खोटं आहे. जागा उरली नाही, असं लिहू.
आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं:
'जागा उरली नाही. यातलं एक काम थांबवू का?'

ओळ लांब झाली, चौकटीत मावेना.
बोरै काही बोलला नाही.
रात्री थांबून त्याने चौकट रुंद केली.

पुढे पावसाळ्यानंतर क्रातीच्या नोंदणी कचेरीतून फोन आला.
यंत्र काहीतरी विचारतंय, बाई म्हणाली,
फार अदबीने विचारतंय, काय सांगू?
हो म्हणा, मी सांगितलं.
दोन्हीकडे थोडा वेळ कुणीच फोन ठेवला नाही.

मिंग थावी त्या वर्षी मुलीकडे बाट्टमबांगला राहायला गेली.

परवा शुद्धलेखन तपासायला ती ओळ उघडली.
'यातलं' आणि 'एक' यांच्यामध्ये
बाणाचं बटण दाबलं, तर कर्सर हलेना.
पुन्हा दाबलं. पुन्हा. पाचव्यांदा
पुढचं अक्षर आलं.

चार जागा होत्या तिथे, न दिसणाऱ्या.
एक पुरते. बोट अडकलं असेल,
जुनाच कीबोर्ड तो.
पण टायपिंगमध्ये चुकणारी बाई नव्हती ती.

मी फाइल तशीच बंद केली.
'बदल जतन करायचे का?' यंत्राने विचारलं.
मी काही बदललंच नव्हतं.