पाव लादी

दुधाटे बाईंनी हिमनदी आणली
सेलूच्या मोंढ्यामागच्या बर्फाच्या कारखान्यातून,
सायकलच्या कॅरिअरवर, ओल्या पोत्यात, भुशासकट.
पाव लादी.
पोत्याचे दहा रुपये डिपॉझिट.

मार्च संपत आलेला. सकाळची शाळा.
पाण्याच्या टाकीमागच्या मुरमाड उतारावर
आम्ही आठवी ब, उकिडवे,
आणि मधे ती:
कडेनं निळसर, पोटात पांढरं धुकं,
धुक्यात अडकलेली लिंबाची एक काडी.

खो-खोच्या डब्यातली फक्की घेऊन
बाईंनी तिच्या नाकासमोर रेघ मारली.
म्हणाल्या, हात लावायचा नाही. ही चालते.

आम्ही बघत बसलो.
ऊन मानेवर आलं. रज्जाक म्हणाला,
बाई, हे कुठं चालायलंय, नुसतं वितळायलंय.
तेवढ्यात कुणाचं तरी शेरडू आलं
आणि हाकलायच्या आत
हिमनदीचं तोंड चाटून गेलं.

त्या हसण्यात कुणाचंच लक्ष नव्हतं,
तेव्हा ती चालली असणार.
फक्कीची रेघ अर्धी पुसलेली,
अर्धी तिच्या पोटाखाली.

मधल्या सुट्टीनंतर कुशावर्ता म्हणाली,
बाई, आता ही मागं सरकली.
बाई कधी नव्हे ते चिडल्या.
मागं येत नाही ती. कधीच.
पुढंच निघालेली असते,
पोचेपर्यंत उरत नाही.
त्याला लोक म्हणतात, मागं सरकली.

साडेअकराला साबणाच्या वडीएवढी उरली.
तिनं ढकललेले खडे तिच्यापुढं
चंद्रकोरीसारखे बसलेले.
बाईंनी शब्द सांगितला, हिमोढ.
आम्ही वहीत लिहिला. वहीही ओली झाली.

तुम्ही खरी बघितलीय का, बाई?
पदरानं गळा पुसत त्या म्हणाल्या,
मी औरंगाबाद बघितलंय. बी.एड.ला.

एवढंच.
मग त्यांनी पोतं झटकलं,
चार घड्या करून कॅरिअरला लावलं
आणि दहा रुपये आणायला निघाल्या,
कारखाना बाराला बंद व्हायचा.

काडी मी उचलली, कंपासपेटीत ठेवली.
घरी जाऊन बघितली,
तर लिंबाच्या कुठल्याही काडीसारखी.

आता पेपरात कधी वाचते,
अमुक हिमनदी इतके मीटर मागं सरकली,
तेव्हा वाटतं, पेन घ्यावं, खोडावं
आणि वर लिहावं:
उरली नाही.
बाईंच्या अक्षरात,
ते थोडं उजवीकडं कललेलं असायचं.